चालवण्याचा अधिकार कुणाचा?

सोलापुरी चादरीवरची नक्षी कशी उतरते हे पाहायचे असेल, तर मागाच्या माथ्यावर बसवलेल्या जेकार्डकडे पाहावे. भोके पाडून एकमेकींना जोडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ तिथे सरकत असते. एका पट्टीने आडव्या धाग्याची एक खेप ठरते: भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. अशा पट्ट्या एकामागून एक गेल्या की चादरीवर मोर उभा राहतो. हीच माळ कपाटात पडून असेल तर तो नुसता पुठ्ठा असतो. कुणीही हातात घ्यावा, भोके मोजावीत, काही बिघडत नाही. जेकार्डवर चढली की तोच पुठ्ठा हुकूम होतो आणि माग तो निमूटपणे पाळतो. नक्षी मालकाने ठरवलेली आहे की कुणी गुपचूप बदललेली, हे मागाला कळत नाही. म्हणून पट्ट्या पाहण्याची मुभा कितीही जणांना असली, तरी त्या चढवण्याचा अधिकार ठरावीक माणसाकडेच असावा लागतो. संगणकाच्या सुरक्षिततेचा मोठा भाग या एका भेदावर उभा आहे, आणि आपल्या कचेऱ्यांत, पतसंस्थांत, खिशातल्या मोबाइलमध्ये नेमका हाच भेद पाळला जात नाही.

संगणकात साठवलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे फाइल. लग्नाचा फोटो, खात्याचा उतारा, हिशेबाचा प्रोग्रॅम, सगळ्यांचे साठवण्याचे रूप एकच, शून्य आणि एक यांची लांबलचक रांग. फरक पडतो तो वापरात. फोटो आपण पाहतो, पत्र वाचतो, प्रोग्रॅम मात्र चालवतो, म्हणजे संगणकाचा ताबा काही काळ त्याच्या हाती देतो. हा फरक ओळखून १९६९ पासून अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने प्रत्येक फाइलवर तीन वेगळ्या परवानग्या ठेवल्या: वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची. पुढे आलेल्या लिनक्सनेही हीच रीत घेतली. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे आकडे दिलेले आहेत. फाइलचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे सगळे अशा तिघांसाठी बेरजेचा एकेक आकडा लिहायचा. ७५५ म्हणजे मालकाला सगळे काही करता येते, इतरांना फक्त वाचता आणि चालवता येते. ६४४ म्हणजे मालक वाचतो-लिहितो, इतर वाचतात, चालवण्याची परवानगी मात्र खुद्द मालकालाही नाही. लिनक्सवर इंटरनेटवरून उतरवलेली फाइल साधारणपणे या ६४४ च्या अवस्थेत येऊन पडते. तिला चालवायचे असेल तर कुणाला तरी जाणीवपूर्वक तो एक आकडा वाढवावा लागतो. एवढासा एक, पण ‘आहे’ आणि ‘हुकूम देऊ शकते’ यांच्यामधला उंबरठा तोच आहे.

हा उंबरठा एकट्या आकड्याच्या भरवशावर मात्र टिकत नाही. ज्याच्या मालकीची फाइल, तोच तिची परवानगी बदलू शकतो. त्याच्या नावाने एखादा घातकी प्रोग्रॅम आधीच चालू असेल, तर तोही बदलू शकतो. शिवाय आज्ञांची साधी मजकूर-फाइल स्वतः चालू शकत नसली, तरी ती वाचून दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती दिली की काम होऊन जाते. म्हणून फाइलच्या मालकाच्याही वर बसणारे नियम लागतात, आणि त्यांनाच सुरक्षा धोरण म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये एसई-लिनक्स ही अशी व्यवस्था सर्वांसाठी खुली केली. अँड्रॉइडच्या ५.० या आवृत्तीपासून ती फोनमध्ये पूर्णपणे लागू झाली. अशा व्यवस्थेत प्रोग्रॅम कुणाच्या नावाने चालतो एवढे पाहून भागत नाही. त्या प्रोग्रॅमला कशाला हात लावता येईल, हेही आधी लिहून ठेवलेले असते.

या साऱ्या धोरणांचा अर्क एका वाक्यात सांगता येतो: जिथे लिहिता येते तिथून काही चालू नये, आणि जिथून चालते तिथे वापरणाऱ्याला लिहिता येऊ नये. बाहेरून आलेली वस्तू पहिल्यांदा कुठेतरी लिहिली जाते, मग ते डाउनलोडचे फोल्डर असो, पेन ड्राइव्ह असो की ई-मेलची जोडफाइल. त्या जागेवरून चालण्याची सोयच नसेल, तर आलेली वस्तू पडून राहते, कपाटातल्या पुठ्ठ्यासारखी. संगणकाच्या अंतर्गत स्मृतीबाबत अभियंत्यांनी हे तत्त्व केव्हाच स्वीकारले आहे. २००३ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने स्मृतीच्या ज्या भागात माहिती लिहिली जाते तिथून आज्ञा चालवण्यावर बंधने आणली. फाइलींच्या बाबतीत मात्र घरोघरी वापरले जाणारे विंडोज अजून सैल आहे. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आपल्याला लिहिता येते आणि तिथूनच चालवताही येते. विंडोज एखादा इशारा दाखवते, आपण ‘हो’ दाबतो, आणि उंबरठा ओलांडला जातो.

याचा परिणाम काय होतो हे पाहायला झेरॉक्सचे कोणतेही दुकान पुरेसे आहे. परीक्षेचा अर्ज छापून घ्यायला विद्यार्थी पेन ड्राइव्ह देतो, घरी येऊन पाहतो तर प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर कोपऱ्यात एक छोटा बाण आलेला. लोक त्याला ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात. घडते असे की, दुकानाच्या संगणकात मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे, त्याच पिवळ्या चिन्हाचे शॉर्टकट ठेवतो. आपण फोल्डर ‘उघडतो’ आहोत असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात आपण प्रोग्रॅम ‘चालवतो’. तो आधी स्वतःची प्रत आपल्या संगणकात उतरवतो आणि मग खरा फोल्डरही उघडून देतो, म्हणजे संशय यायला नको. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या किड्याची युक्ती हीच होती. प्रेमपत्राच्या फाइलच्या नावात आधी साध्या मजकुराचे शेपूट होते आणि त्याच्यामागे आज्ञावलीचे खरे शेपूट. विंडोज ओळखीचे शेपूट लपवत असल्यामुळे लोकांना पत्रच दिसले. वाचणे आणि चालवणे यांतली रेघ डोळ्यांना दिसेनाशी केली की फसवणारा अर्धी लढाई जिंकतो. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजमधूनही काढून टाकली, पण दोनदा क्लिक करणारे बोट आपलेच असते. त्यासाठी विंडोजच्या धोरणांमध्ये एक सोय आहे: काढघाल करता येणाऱ्या डिस्कवरून काहीही चालवण्यास मनाई. ती लावली तरी पेन ड्राइव्हवरचे वाचता येते, त्यावर लिहिता येते, छपाई होते. फक्त तिथला प्रोग्रॅम चालत नाही. झेरॉक्सच्या दुकानाला याहून जास्त हवे तरी काय असते?

प्रश्न दुकानापुरता असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मे २०१६ मध्ये मुंबईत खुद्द मंत्रालयातल्या संगणकांना ‘लॉकी’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने ग्रासले. बाधित यंत्रे दीडशेच्या घरात असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. लॉकी त्या काळात मुख्यतः ई-मेलमधून येई. जोडलेले बिल वर्डमध्ये उघडायचे, ‘मजकूर नीट दिसत नाही, मॅक्रो सुरू करा’ ही सूचना पाळायची, की बिलाच्या पोटातल्या आज्ञा चालू होत आणि फाइलींना कुलूप लागे. कागद वाचायला घेतला आणि त्यानेच आपल्याला हुकूम सोडला, असा हा प्रकार. इंटरनेटवरून आलेल्या कागदपत्रांतले मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचे पाऊल मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये उचलले. तोवर निर्णय एकेका कारकुनाच्या सावधपणावर सोडलेला होता. दिवसाला कितीतरी ई-मेल उघडणाऱ्या माणसाने एकदाही चुकू नये, अशी अपेक्षा म्हणजे धोरण नव्हे.

आपल्याकडे याबाबत सर्वांत स्पष्ट भूमिका घेतली ती रिझर्व्ह बँकेने. २ जून २०१६ च्या परिपत्रकात बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून देताना अनधिकृत सॉफ्टवेअर चालण्यापासून रोखणे हा स्वतंत्र मुद्दा होता. पुढे २१ जून २०१८ रोजी एटीएमबाबत मुदतीच आखून दिल्या. यूएसबीची तोंडे आणि आपोआप चालू होण्याची सोय ऑगस्ट २०१८ पर्यंत बंद करावी, मार्च २०१९ पर्यंत प्रत्येक यंत्रात मान्य प्रोग्रॅमांची यादी बसवावी आणि यादीबाहेरचे काही चालू देऊ नये, आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे आधार मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणावीत. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवला होता, तरी कितीतरी एटीएम त्यावरच चालत होती. एटीएमला यादीचा नियम सहज बसतो, कारण त्या यंत्राने काय करायचे हे ठरलेले आहे. पैसे देणाऱ्या यंत्राने नवा प्रोग्रॅम शिकण्याचे कारणच नाही.

या आदेशाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच पुण्यात घाव बसला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकलांवर २८ देशांतल्या एटीएममधून आणि भारतातूनही पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटी रुपयांचा. यात एटीएम यंत्रे फोडली गेली नव्हती. ‘या कार्डाला पैसे द्यावेत का’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या स्विच नावाच्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी स्वतःचा बनावट स्विच उभा केला. खात्यांची खरी माहिती असलेल्या व्यवस्थेपर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही, मधल्यामध्ये ‘द्या’ असे उत्तर मिळत राहिले. एटीएममधल्या यादीने हा हल्ला थांबला नसता, हे मान्य करायला हवे. पण त्यातून निघणारा धडा उलट अधिक कडक आहे. उत्तर देण्याचा अधिकार ज्या यंत्रणेला आहे, तिच्या ठिकाणी परका प्रोग्रॅम उत्तर देऊ लागला आणि ते वेळीच कुणाला कळले नाही. मान्य प्रोग्रॅमांची यादी ग्राहकासमोरच्या यंत्रापुरती ठेवून चालत नाही, ती आतल्या सर्व्हरपर्यंत जावी लागते. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठीही सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि अधिकृत सॉफ्टवेअरची अद्ययावत नोंद ठेवायला सांगितले.

सोलापूरसारख्या जिल्ह्यात इथेच खरी फट आहे. सहकाराची परंपरा असलेल्या या भागात बँकांच्या शेजारीच पतसंस्था उभ्या आहेत. त्यांची नोंदणी सहकार कायद्याखाली, म्हणून रिझर्व्ह बँकेची ही परिपत्रके त्यांना लागू होत नाहीत. कर सल्लागाराची कचेरी, टॉवेल निर्यात करणारा कारखाना, शाळेचे कार्यालय, दाखले देणारे सेवा केंद्र, यांनाही असा नियम कुणी घालून दिलेला नाही. पण विडी वळणाऱ्या बाईची ठेव, विणकराची पगारपत्रके, शेतकऱ्याच्या आधारची छायाप्रत, हे सगळे याच संगणकांत असते. आणि याच माणसांच्या मोबाइलवर ‘तुमच्या गाडीचे चलान थकले आहे’, ‘लग्नपत्रिका पाहा’, ‘पीएम किसानचा हप्ता’ असे सांगत एपीके फाइल येते. पत्रिका पीडीएफ असते किंवा चित्र असते, ती वाचायची असते. एपीके हा प्रोग्रॅम आहे. तो बसवायला गेलो की फोन अडवतो आणि सांगतो की या स्रोताकडून अज्ञात ॲप बसवण्यास अनुमती नाही. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही अनुमती प्रत्येक स्रोताला वेगळी द्यावी लागते. तो पडदा म्हणजेच ६४४ आणि ७५५ मधला उंबरठा. आपण सेटिंगमध्ये जाऊन बटण सरकवतो, मग ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसू लागतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा घेतला जातो की अँटिव्हायरस आहे की. अँटिव्हायरस हवाच. पण तो मूलतः वाईटांची यादी सांभाळतो, आणि एव्ही-टेस्ट या जर्मन संस्थेकडे दररोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक प्रोग्रॅम नोंदले जातात. वाईटांची यादी कधीच पुरी होणार नाही. चांगल्यांची यादी मात्र लहान असते. पतसंस्थेच्या कॅशियरच्या संगणकावर मोजून काय लागते? खात्यांचे सॉफ्टवेअर, ब्राउझर, प्रिंटर, मराठी टंकलेखनासाठी श्रीलिपी किंवा आयएसएम, फार तर टॅली. पाहुण्यांची यादी हातात असताना गावातल्या प्रत्येक चोराचा चेहरा पाठ करण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप कामाचा आहे, आणि तो खरा आहे. जीएसटीची, आयकराची युटिलिटी वरचेवर बदलते, डिजिटल सहीच्या डोंगलला ड्रायव्हर लागतो. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी काही अडकले तर कोण जबाबदार? म्हणूनच हे काम एका रात्रीत करायचे नसते. विंडोजमधल्या ॲपलॉकर या यादी लागू करणाऱ्या सोयीला प्रथम फक्त नोंद घेण्याच्या स्थितीत ठेवता येते. काहीच अडवले जात नाही, काय अडले असते याची नोंद मात्र होते. दोन-तीन महिन्यांत कचेरीचे खरे काम कशावर चालते ते समोर येते. मान्यता प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या डिजिटल सहीवर देता येते, म्हणजे नवी आवृत्ती आली तरी अडत नाही. ॲपलॉकरचे मूळ नियम पाहिले तर वर सांगितलेले तत्त्वच त्यात दिसते: विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरांतून कुणीही चालवावे, कारण तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, बाकी ठिकाणाहून फक्त ॲडमिनने. अर्थात रोजचे काम ॲडमिनच्या लॉगिनने चालू असेल तर हा नियम कागदावरच राहतो. कर्मचाऱ्याला साधे लॉगिन आणि ॲडमिनचा पासवर्ड वेगळ्या जबाबदार माणसाकडे, ही पहिली पायरी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. मान्य प्रोग्रॅमच फितूर झाला तर? जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून बाहेर पडला, आणि त्याच्या लाटेत जहाजवाहतूक करणारी मर्स्क कंपनी सापडली. तिचा व्यवहार थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत होता, आणि तिथल्या एका टर्मिनलचे काम कोलमडले. विंडोजमधलेच पॉवरशेल हे अधिकृत साधन वापरूनही हल्ले होतात. म्हणजे यादी अभेद्य नाही. पण दाराला कुलूप लावूनही घरफोडी होऊ शकते म्हणून कुणी दार उघडे टाकत नाही. यादीमुळे हल्लेखोराला ओळखीच्या मोजक्या साधनांतूनच वाट काढावी लागते. त्या साधनांवर नजर ठेवणे, नको तिथे पॉवरशेल बंद करणे आणि संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या प्रती जपणे, हे मग माणसाच्या आवाक्यात येते.

चौथा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो: काय चालावे हे दुसऱ्या कुणी ठरवायचे असेल, तर यंत्र आपले कसे? ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की अँड्रॉइडवर पुढे ओळख पडताळलेल्या निर्मात्यांचीच ॲप बसवता येतील, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यावर रास्त चिंता व्यक्त केली. चोर थांबवण्याच्या नावाखाली किल्ली कंपनीच्या खिशात जाऊ नये. कॉलेजातल्या मुलाला स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर चालवता आलाच पाहिजे. त्याशिवाय उद्याचे अभियंते घडणार नाहीत. म्हणून चालवण्याचा अधिकार मोजका असावा, पण देणारा यंत्राचा मालक असावा. नियम लिहिलेले असावेत, वाचता यावेत आणि मालकाला बदलता यावेत. पतसंस्थेच्या संगणकाचे मालक तिचे सभासद आहेत. तिथे नियम कडक असणे हा सभासदाच्या ठेवीचा मान आहे.

कायद्याप्रमाणे सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. लाभांश किती आणि कर्जवसुली किती, हे आपण तिथे विचारतोच. यंदा अहवालाच्या शेवटच्या पानाकडे वळण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा: आपल्या संगणकांवर काय काय चालायला परवानगी आहे त्याची यादी कुठे आहे, आणि त्यावर सही कुणाची? यादी असेल तर ती दाखवायला मिनिटभर लागत नाही. नसेल, तर ती करण्याचा ठराव त्याच सभेत मांडा.